बायकांची रांग

“अहो, तुम्ही इकडे नाही. तिकडे.”

मास्तरिणीने मागे वळून पाहिलं. मागे एक पोटुशी बाई उभी होती, तिच्यामागे फायली छातीशी धरलेल्या दोन वकीलबाया. त्यांच्यापैकी कुणाला तरी हाकलतायत असं तिला वाटलं. मग ध्यानात आलं, टेबलामागचा फौजदार तिच्याकडेच बघतोय आणि त्याच्या हातात तिचंच ओळखपत्र आहे.

“मला म्हणताय?”

“मग कुणाला? ती डावीकडची रांग.”

“साहेब, मी दर तारखेला इथूनच जाते. बाईंना विचारा हवं तर.”

कोर्टाच्या फाटकातून आत शिरलं की दोन रांगा लागत. डावीकडे पुरुषांची, उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उजवीकडे बायकांची, ती एका हिरव्या पडद्याआड जाऊन संपायची. पडद्यामागे एक स्टूल, पिशव्या अडकवायला खिळा, वारा कमी आणि आवाज जास्त करणारा पंखा, आणि हवालदारबाई. धाकट्या भावाची केस उभी राहिली तेव्हापासून मास्तरीण त्या पडद्यामागूनच जात होती. हवालदारबाईंची एक रीत होती. हात लावायच्या आधी त्या सांगायच्या, “आता खांदे बघते हं. आता कंबर.” एकदा मास्तरिणीच्या पर्समध्ये दोरा कापायची कातरी राहून गेली होती. दुसरं कुणी असतं तर त्यावरून रामायण केलं असतं. बाईंनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि परत जाताना आठवणीने हातात दिली. “शिवणकाम करता होय?” तिथून ओळख झाली.

फौजदार मात्र नवा होता. “नवा हुकूम आलाय,” तो म्हणाला. “झडती कागदाप्रमाणे घ्यायची. कागदावर तुम्ही पुरुष.”

त्याने काही मुद्दाम आवाज चढवला नव्हता. पण एरवी एकमेकांच्या पायावर पाय देत पुढे सरकणारी माणसं दोन्ही रांगांत होती तिथे थांबली.

पडदा जरा सरकला. हवालदारबाईंचं डोकं बाहेर आलं. “साहेब, यांची मीच घेते नेहमी.”

“नेहमीचं सोडा. आता हुकूम आहे.”

पडदा तसाच अर्धवट राहिला. फौजदाराने ओळखपत्र टेबलावर उलटं केलं, सुलटं केलं. माणूस वाईट नव्हता, नव्या जागी पहिल्याच आठवड्यात नसती कटकट नको एवढंच त्याला हवं होतं. “हे बघा,” तो म्हणाला, “मला कुणाला त्रास द्यायचा नाही. आपण मधला मार्ग काढू. कंबरेच्या वर बाई घेतील, कंबरेच्या खाली हवालदार.”

मास्तरिणीला खरोखरच कळेना. उभं आयुष्य तिने माणसांची मापं घेतली होती.

“मधे रेघ कुठे मारणार, साहेब?” तिने विचारलं.

थट्टा करायची तिच्या मनात नव्हती. पण डावीकडच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि फौजदाराचा चेहरा बदलला.

“जायचं असेल तर हवालदाराकडून झडती द्या. नाहीतर बाजूला व्हा. लोक खोळंबलेत.”

ती बाजूला झाली. ओळखपत्र पर्समध्ये ठेवलं आणि फाटकाबाहेर आली. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर ती दुपारपर्यंत बसून राहिली. कैद्यांची गाडी आली, आत गेली. जाळीमागे डोकी दिसत होती, पण त्यातलं धाकट्याचं कुठलं ते काही कळलं नाही.

---

दुकान वडिलांचं. ते होते तोवर ‘मास्तर’ म्हणजे ते. पाटीवर अजूनही ‘मास्तर, लेडीज टेलर’ एवढंच होतं. मोठ्या मुलाने बायकांसारखं राहायला सुरुवात केली तेव्हा मास्तर महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी समोरच्या खिडकीपाशी असलेलं तिचं मशीन उचललं आणि आत, लाकडी फळीच्या पार्टिशनमागे नेऊन ठेवलं. लोकांच्या नजरेआड असावं एवढाच त्यांचा हेतू. पण झालं उलटंच. बायकांना मास्तरांपुढे उभं राहून माप द्यायला अवघडल्यासारखं व्हायचं, त्या आपणहून आत जायला लागल्या. “आतल्या मास्तरीणबाई माप छान घेतात,” अशी बोलवा झाली. मास्तरांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि नवीन टेप आणून आतल्या मशीनवर ठेवली. नाव तेव्हापासूनचं.

धाकटा तेव्हा शाळेत होता. गल्लीतल्या पोरांनी त्याच्या भावाला नावं ठेवली म्हणून त्याने दोघांची थोबाडं फोडली, आणि मग घरी येऊन तिलाही एक ठेवून दिली. त्याचा हिशोब सरळ होता. तुझ्यामुळे मला मारामारी करावी लागते. पुढे राग निवला, तरी लोकांत तो तिला हाकच मारायचा नाही. घरात ‘दादा’. ‘दादा, आलास का’, ‘दादा, जेवलास का’. तिने कधी दुरुस्त केलं नाही. तोंडातलं वळण असतं एकेकाचं, असं ती म्हणे.

आईचं आणखी निराळं. वीस वर्षांत आईने असं बोलायचं कसब कमावलं होतं की वाक्यात ‘आला’ही यायचं नाही आणि ‘आली’ही नाही. ‘यायला उशीर झाला का?’ ‘जेवण झालं ना?’ ‘औषध घ्यायचं राहिलं वाटतं.’ पाहुण्यांशी बोलताना तर ती अशी काही तारेवरून चालायची की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. त्यामागे माया होती का लाज, हे मास्तरिणीने विचारलं नाही. आईनेही कधी सांगितलं नाही.

कागदांचं तेवढं राहिलं होतं. ती दोनदा सरकारी कचेरीत जाऊन आली. पहिल्यांदा डॉक्टरांचा दाखला आणा म्हणाले, डॉक्टर म्हणाले आधी कचेरीतून चिठ्ठी आणा. तिसरी खेप तिने केलीच नाही. दुकानात येऊन कुणी ओळखपत्र बघत नव्हतं. तिला लागणारी माणसं तिला ओळखत होती.

आणि मग धाकट्याची भानगड झाली. तो एका गोदामाची व्हॅन चालवायचा. माल उतरवताना कशावरून तरी जुंपली, याने समोरच्याला ढकललं, तो गोदामाच्या कट्ट्यावरून खाली पडला आणि डोक्यावर आपटला. दोन दिवसांनी गेला. धाकट्याने नाकारलं नाही. “ढकललं मीच,” तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, “पण मारायला नव्हतं ढकललं.” त्याची बायको पोराला घेऊन माहेरी निघून गेली. आईचे गुडघे धरलेले. तारखेला जायला उरली मास्तरीण. कोर्टाच्या वऱ्हांड्यात नाव पुकारेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलायला मिळायची, पहाऱ्यावरचा पोलीस भला असला तर जरा जास्त. घरातलं सांगायचं, डबा आणलेला असला तर त्याने तिथेच खायचा. एवढ्यासाठी ती दुकान बंद ठेवायची.

---

“भेट झाली?” आईने विचारलं.

“नाही. फाटकावर अडवलं.”

तिने सगळं सांगितलं. आई पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला तेल चोळत. तिचा हात थांबला, मग परत सुरू झाला.

“पुढच्या तारखेला निकाल आहे ना?”

“हो.”

“त्याला वाटलं असेल, आपल्याला टाकलं सगळ्यांनी.”

“मी काय करू, आई?”

“काय करू म्हणजे? दोन मिनिटांचं काम. डोळे मिटून उभं राहायचं. दवाखान्यात नाही का उभं राहावं लागत?”

मास्तरिणीने डबा उघडला. धाकट्यासाठी नेलेलं होतं तसंच होतं. दोघींनी तेच खाल्लं.

त्यानंतरच्या शनिवारी हवालदारबाई दुकानात आल्या. साध्या कपड्यांत होत्या, म्हणून मास्तरिणीने पहिल्यांदा ओळखलंच नाही. त्यांच्या हातात वर्दीचा शर्ट होता.

“काखेत काचतो हो. सैल होईल का?”

“तुम्ही होय! या, आत या. माप घ्यावं लागेल. हात वर करा.”

बाईंनी निमूट हात वर केले, आणि मग दोघींना एकदमच हसू फुटलं.

“कशी वाटते झडती?” मास्तरिणीने विचारलं.

“गुदगुल्या होतात की. आमच्याकडच्या लोकांना कधी हसताना पाहिलं नाही ते.”

“तुमच्याकडे हसायला कोण येतं?”

टेप छातीभोवती, खांद्यावरून, दंडाभोवती फिरली. बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “त्या दिवशी मी गप्प बसले.”

“बोललात की.”

“एकदाच बोलले. साहेबांनी दटावलं आणि मी पडदा धरून उभी राहिले. घरी मुलगी शिकतेय, नवरा असून नसल्यासारखा. लांब बदली केली तर माझे हाल कुत्रा खाणार नाही.”

“मी कुठे काय म्हणतेय?”

“तुम्ही म्हणत नाही तेच वाईट. आमच्यातल्या दोघीजणी म्हणतात, बरं झालं हुकूम आला, आम्हाला नकोच होतं ते. मी म्हटलं, अगं बयांनो, मी वर्षभर यांची झडती घेतेय, माझे हात काय झडून पडले?” त्यांनी हात खाली घेतले. “एक सांगून ठेवते. मला कुणी विचारलं तर जे आहे ते सांगेन. पण आपणहून कुठे जाऊन बोंब मारू, सांगा.”

“मी कुणाला विचारायला लावणार आहे? मला भावाला भेटायचंय, बस्स.”

“निकालाला येणार?”

“येणार.”

“मग?”

मास्तरिणीने कॉलरच्या आत खडूने खूण केली. “मंगळवारी तयार होईल,” ती म्हणाली.

---

निकालाच्या दिवशी ती लवकर गेली. गर्दी नसेल अशा बेताने गेली होती, पण त्याच दिवशी कसलीशी मोठी केस होती आणि डावीकडची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. ती शेपटाला उभी राहिली. पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि जागा सोडावी तसा एक पाऊल पुढे सरकला. मागचा एक पाऊल मागे राहिला. एवढ्या गर्दीत तिच्याभोवती तेवढी मोकळी जागा पुढपर्यंत तिच्याबरोबर सरकत राहिली.

तिने साधा राखाडी ड्रेस घातला होता, गळाबंद, स्वतः शिवलेला. कानातलं घरी काढून ठेवलं होतं. का काढलं ते तिला सांगता आलं नसतं.

झडती घेणारा हवालदार म्हातारा होता, निवृत्तीला आलेला. प्रत्येकाला तो तीच दोन वाक्यं सांगत होता. “हात बाजूला. पाय जरा फाकवा.” तिची पाळी आली तेव्हा त्याने टेबलाकडे पाहिलं. फौजदाराने मान हलवली.

“हात बाजूला,” हवालदार म्हणाला. “पाय जरा फाकवा.”

तिने हात पसरले. त्याने तिला वेगळं असं काही केलं नाही. आधीच्या माणसाला जे केलं तेच केलं. खांदे थापटले, बाह्यांवरून हात खाली आणले. छातीपाशी आल्यावर त्याचे हात थांबले. थांबले नसते तर बरं झालं असतं, कारण ते थांबले हे सगळ्यांनी पाहिलं.

“पूर्ण घ्या,” टेबलावरून आवाज आला.

त्याने पूर्ण घेतली. छाती, पोट, कंबर, मांड्यांच्या आतून खालपर्यंत. कुणीतरी हलकेच शीळ घातली. मास्तरीण समोरच्या भिंतीवर बघत होती. भिंतीचा रंग उडाला होता आणि खालचा जुना पिवळा दिसत होता. आईने डोळे मिटून घ्यायला सांगितलं होतं, ते तिला आठवलं, पण मिटले तर कुठला हात कुठे आहे ते कळणार नाही, म्हणून तिने उघडेच ठेवले. उजवीकडे हिरवा पडदा अगदी गच्च बंद होता. आत हवालदारबाई एका बाईला सांगत होत्या, आता खांदे बघते हं, आता कंबर. आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला.

“व्हा पुढे,” म्हातारा म्हणाला. तो तिच्याकडे न बघता लगेच पुढच्या माणसाकडे वळला.

फाटकात कैद्यांची गाडी येऊन थांबली होती. रांग तुटेपर्यंत गाडी आत सोडली नव्हती. जाळीला बोटं अडकवून कुणीतरी उभा होता. ही बोटं तिच्या ओळखीची होती. अंगठ्याचं नख लहानपणी तिच्याच मशीनच्या पट्ट्यात सापडून वाकडं झालेलं.

वऱ्हांड्यात धाकटा दोन पोलिसांच्या मधे बसला होता. दाढी केली होती, शर्ट इस्त्रीचा होता. कुठून मिळवला देव जाणे. ती समोर उभी राहिली तरी त्याने मान वर केली नाही.

“मागच्या वेळी आत सोडलं नाही,” ती म्हणाली. “तू वाट बघितली असशील.”

“हं.”

“आई बरी आहे. गुडघ्याचं तेच चाललंय.”

“हं.”

“तुझ्या वकीलबाई म्हणतात, फार धरणार नाहीत. तू ढकललं एवढंच शाबीत होतंय.”

तो बेडी घातलेल्या मनगटांकडे बघत राहिला. एका पोलिसाने घड्याळ पाहिलं. आतून कुणाचंतरी नाव पुकारलं, ते याचं नव्हतं.

“जेवलीस का?” धाकट्याने विचारलं.

“हो,” ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

“खोटं बोलतेस.”

“घरी गेल्यावर जेवेन.”

“मग आता जा घरी. निकाल काय, वकीलबाई सांगतील. जा.”

ती गेली नाही. मागच्या बाकावर बसून तिने निकाल ऐकला. पाच वर्षं. न्यायाधीश बरंच काही वाचत होते, त्यातलं पाच एवढंच तिला समजलं. त्याला नेताना ती दाराशी आली. तो थांबला, पोलिसांनीही त्याला थांबू दिलं.

“तिकडे जेलवर यायचं नाही,” तो म्हणाला. “आलीस तरी मी भेट घेणार नाही. तिथेही फाटक असतंच.”

“अरे पण...”

“सांगितलं ना एकदा.” तो पोलिसाकडे वळला, “चला हो.”

वकीलबाई बाहेर कागद आवरत होत्या. मूर्ती लहान, बोलणं भरभर, कायम घाईत. “मी फाटकावर होते,” त्या म्हणाल्या. “पलीकडे, बायकांच्या रांगेत. सगळं पाहिलं. हे असं चालत नाही. तक्रार करू आपण.”

“झालं ते झालं. मला लोकांचे कपडे द्यायचेत.”

“विचार करा. माझा नंबर आहे तुमच्याकडे.”

बसमधून जाताना दोन-तीन थांबे गेल्यावर तिला एकदम जाणवलं, तो काय बोलला ते. जेवलीस, बोलतेस, आलीस. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. बसमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं, तरी फिरवलं.

---

घरी येऊन तिने आईला निकाल सांगितला. आई फार रडली नाही. “पाच,” एवढंच म्हणाली आणि बोटांवर स्वतःचं वय मोजायला लागली. मास्तरिणीने अंघोळ केली. मग राखाडी ड्रेस घेऊन ती मशीनपाशी बसली आणि मोठ्या कातरीने तो कापायला सुरुवात केली. आधी बाह्या, मग पाठ, मग पुढचा भाग. हातरुमालाएवढे चौकोन. मशीन पुसायला फडकी लागतातच. पण नवा कपडा फाडणं हे या घरात पाप होतं, मास्तरांच्या वेळेपासून. आई दारात उभी राहून शेवटच्या चौकोनापर्यंत बघत होती.

“चांगला होता,” ती म्हणाली.

“होता.”

आईने चौकट धरली. “दोन मिनिटांचं काम म्हटलं मी,” ती म्हणाली, आणि आत गेली. सकाळी चहा देताना तिने विचारलं, “ती वकीलबाई काय म्हणत होती?”

“तक्रार करू म्हणत होती.”

“मग करायला काय होतंय?”

तक्रार झाली. काही दिवस पोलिसांच्या मुख्य कचेरीत हेलपाटे, मग ते प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं. मास्तरिणीला तिथे फारसं बोलावं लागलं नाही. जेवढं झालं होतं तेवढंच तिने सांगितलं. पोलिसांचा वकील म्हणाला, महिला पोलिसांच्या भावनांचाही विचार केला पाहिजे, त्यांना हे काम अवघड वाटतं. तेव्हा वकीलबाईंनी हवालदारबाईंना बोलावण्याची परवानगी मागितली.

हवालदारबाई वर्दीत आल्या. शर्ट काखेत नीट बसला होता. न्यायाधीशांनी विचारलं, यांची झडती घेताना तुम्हाला कधी काही अडचण आली?

“आली ना, साहेब,” बाई म्हणाल्या. “पंख्याला वारा नाही, जागा एवढीशी. ती सगळ्यांच्याच वेळी येते.”

“या बाईंच्या बाबतीत वेगळी अशी?”

“नाही. बाईमाणसाची घेतात तशी घेतली. दुसरी कशी घेतात ते मला माहीत नाही.”

पुढच्याच महिन्यात त्यांना वाहतुकीला टाकलं. शिक्षा म्हणून नाही, गरज म्हणून, असं त्यांना सांगण्यात आलं. हुकूम बदलेपर्यंत मात्र वर्ष उलटलं. नव्या हुकमात होतं की झडती कोणी घ्यावी हे त्या माणसालाच विचारायचं, तो सांगेल तसं करायचं, आणि ती झडती आडोशाला घ्यायची. वकीलबाईंनी फोन करून वाचून दाखवलं. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता. मास्तरीण एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने ग्राहकाचा स्कर्ट धरून उभी होती. “बरं झालं,” ती म्हणाली. “तुम्ही फार केलंत.”

रविवारी जेलमधून धाकट्याचा फोन यायचा. त्याला तिने सांगितलं.

“म्हणजे आता इथेही?” त्याने विचारलं.

“नाही. जेलचं खातं वेगळं. हा पोलिसांपुरताच.”

त्याच्या मागे दुसरे कैदी बोलत होते, कुणीतरी आटप आटप म्हणत होतं. “मग इथे नको येऊस,” तो म्हणाला. “इथलं बदललं की ये. मी कुठे जातोय?”

दोघंही हसले. विनोद करायचं त्याच्या फारसं मनात नव्हतं.

---

एका सकाळी मास्तरिणीने दुकानाला कुलूप घातलं. आईला म्हणाली, “जाऊन येते.”

“कुठे जायचंय?”

“कोर्टात.”

“आता कसलं कोर्ट? त्याचं काही निघालं का?”

“नाही. सहजच.”

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मग डब्याला हात लावला. “डबा हवाय?”

“नको. लगेच येईन.”

मोठ्या चौकात हवालदारबाई उन्हात उभ्या होत्या, तोंडात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी. मास्तरिणीला पाहून त्यांनी दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली. एकटीसाठी एवढा चौक थांबला तसे लोक भोंगे वाजवायला लागले.

“कुठे निघालात?”

“तुमच्या पडद्यात!”

“पंखा बघा हो बदललाय का! माझ्या वेळी नाही बदलला मेल्यांनी!” बाई ओरडल्या, आणि एका मोटारसायकलवाल्याला हात दाखवून मागे ढकललं.

फाटकावर नवीन मुलगी होती, वर्दीला अजून घडीच्या रेघा असलेली. तिने ओळखपत्र घेतलं, वाचलं, वर पाहिलं. मग पाठ केलेलं म्हणावं तसं विचारलं, “तुमची झडती कोणी घ्यावी? बाईने की पुरुषाने?”

“बाईने.”

“या मग.” ती स्वतःच उठली आणि पडदा धरला. पंखा तोच होता. मुलीचे हात गार होते आणि ती आधी सांगत नव्हती. खांद्यावर हात पडला तसा मास्तरिणीने श्वास रोखला.

“काय झालं?” मुलीने विचारलं.

“काही नाही. हात लावायच्या आधी सांगत जा. बरं पडतं.”

“हो का? बरं. आता कंबर बघते.” मुलगी थांबली, मग म्हणाली, “आता खाली, पायांपर्यंत. झालं. कुठल्या केसला आलात?”

“केस नाही. आत जाऊन बसायचंय जरा.”

मुलीला हे कुठल्या खान्यात बसवावं ते कळेना. मग तिने खांदे उडवले. कोर्ट काय, सगळ्यांसाठी उघडंच असतं.

वऱ्हांड्यात नेहमीसारखीच माणसं होती. कुणी पायऱ्यांवर पेंगत होतं, कुणी वकिलाची वाट बघत दाराकडे मान ताणून उभं होतं. एक कैदी दोन पोलिसांच्या मधे बसून बिस्किटं खात होता आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत होती, बोलायचं सगळं संपल्यासारखी. मास्तरीण भिंतीलगतच्या बाकावर बसली. पुकारणाऱ्याने दोन नावं घेतली. एकाही नावाशी तिचा संबंध नव्हता. उन्हाचा पट्टा फरशीवरून हळूहळू तिच्या पायांकडे येत होता.

काठी टेकत एक म्हातारा आला. श्वास लागला होता त्याला.

“बाई, इथे कुणी आहे का?”

“नाही, बसा की,” ती म्हणाली, आणि पर्स मांडीवर घेऊन सरकली.